थालीपीठ जेवत नाही: विक्रोळीतल्या एका पॅकमॅन बेडकाचं प्रकरण

प्राणी: पॅकमॅन बेडूक, शास्त्रीय नाव सेराटोफ्रिस क्रॅनवेली. ही जात मूळची अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हियात पसरलेल्या ग्रान चाको या झुडपी प्रदेशातली. हा बेडूक दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे पैदाशीचा, म्हणजे रानातून न पकडलेला, वय चार महिने. लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास, रंग हिरवा.

घर: कन्नमवारनगर, विक्रोळी पूर्व. वन बीएचके. माणसं चार: नुकतीच नववीची परीक्षा दिलेली मुलगी, आईबाबा आणि आजी.

तक्रार: आणल्यापासून तीन आठवड्यांत एक घासही पोटात गेलेला नाही.

मी पशुवैद्य नाही. बेडूक, सॅलॅमँडर पाळणाऱ्यांना राहणीमानाबद्दल सल्ला देतो, एवढंच. एप्रिलच्या शेवटी मुलीच्या बाबांचा फोन आला तो असा: "सर, आमचं थालीपीठ जेवत नाही." बेडूक तव्यावर थापल्यासारखा बसतो म्हणून मुलीने ते नाव ठेवलं होतं. नावाप्रमाणेच घरात सगळे त्याला 'ते' म्हणत.

फोनवर आधी एक गोष्ट पक्की करावी लागते, की हे प्रकरण माझ्याकडचं आहे की डॉक्टरांकडचं. पोटाची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी लाल झाली आहे का, अंगात पाणी भरल्यासारखा फुगला आहे का, जबडा मऊ किंवा वाकडा वाटतो का, मागून काही बाहेर आलं आहे का, झटके येतात का, उताणा पडला तर पालथा होता येत नाही असं काही झालं का. यातलं काहीही असेल तर मी पुढे बोलत बसत नाही, विदेशी प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. परळचं जनावरांचं हॉस्पिटल मुंबईत सगळ्यांना माहीत असतं, पण कुठेही जायचं तरी बेडूक तपासणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे विचारूनच निघावं. उन्हातून डबा घेऊन परळला जायचं आणि "उद्या या" ऐकून परत यायचं, यात बेडकाचेच हाल.

थालीपिठाला यातलं काही नव्हतं. बाबांनी पोटाचे फोटो पाठवले, कातडी स्वच्छ, डोळे टवटवीत. मी दोनच कामं सांगितली. एक, मी येईपर्यंत त्याच्यापुढे खायचं काहीही धरायचं नाही. दोन, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लॅस्टिकचा छोटा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि त्यात बेडकाचं वजन घ्यायचं. वजन भरलं २६ ग्रॅम. विकत घेतलं त्या दिवशीचं वजन कुणी घेतलं नव्हतं. ते कुणीच घेत नाही.

बेडकाचा एक दिवस

अशा घरी गेलं की टाकी बघण्याआधी मी विचारतो, काल सकाळपासून रात्रीपर्यंत या बेडकाचं काय काय झालं ते सांगा. तुम्ही काय केलंत ते नको, त्याचं काय झालं ते सांगा. सवयीने माणसं आपण काय काय केलं तेच सांगायला लागतात आणि त्यात निम्म्या गोष्टी गळतात.

मुलगी हुशार होती, तिने नीट सांगितलं.

सकाळी साडेसहाला आई एसी बंद करते आणि केर काढायचा म्हणून टाकी बेडरूममधून हॉलमध्ये येते. हॉलमध्ये जागा एकच, फ्रिजच्या डोक्यावर. आजी शेजारच्या देव्हाऱ्यात पूजा करते, दोन उदबत्त्या लागतात. मग फिनेल घालून फरशी पुसली जाते. नऊ वाजता मुलगी टाकीत पाण्याचा फवारा मारते. सुट्टी असल्याने बिल्डिंगमधली पोरं बेडूक बघायला येतात, झाकण निघतं, एखादा बोट लावून बघतो. "माणसांची सवय व्हायला हवी ना," म्हणून मुलगी त्याला दहा मिनिटं तळहातावर बसवते. दुपारी वाटीत मीलवर्म, म्हणजे खाद्य म्हणून विकत मिळणाऱ्या किड्यांच्या अळ्या. टीव्ही. चारच्या सुमाराला टाकीतले रंगीत खडे धुणं. सात वाजता खिडक्या बंद, डासांचं मशीन चालू. साडेआठला बाबा कामावरून येतात आणि चिमट्याने कोंबडीच्या खिम्याची गोळी नाकासमोर धरतात. नाही खाल्ली तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग. अकराला टाकी पुन्हा बेडरूममध्ये, एसी चोवीसवर.

"आणि एवढं सगळं करून ते ढिम्म बसून राहतं," आई म्हणाल्या.

बेडूक नवीन घरी येऊन जेवत नसेल तर दहातली नऊ माणसं खाद्य बदलत जातात. मीलवर्म नको तर गांडूळ, गांडूळ नको तर खिमा. या जातीचं सगळं जगणंच मातीत अर्धं पुरून, फक्त डोळे आणि तोंड वर ठेवून, समोरून काही सरकतंय का याची वाट बघण्यावर बेतलेलं आहे. त्याला आधी पुरून घ्यायला जागा हवी, मग ती जागा हलता कामा नये, मग भूक. इथे जागा रोज दोनदा बदलत होती आणि पुरून घ्यायला होते काय, तर गुळगुळीत रंगीत खडे. तो खात नव्हता यात मला काही नवल वाटलं नाही.

बोलता बोलता मुलीला एक जुनी गोष्ट आठवली. आणल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, शेजारच्या काकूंच्या कुंडीतलं गांडूळ टाकलं तेव्हा थालीपिठाने झडप घातली होती. "पण लगेच थुंकलं. आणि मग पुढच्या पायांनी तोंड पुसत बसलं."

तपासणीतली सगळ्यात कामाची माहिती हीच निघाली. काकूंनी कुंडीत गांडूळखत घातलं होतं आणि त्यातली गांडुळं लालसर, अंगावर फिके पट्टे असलेली होती. खतासाठी वापरतात ती ही आयसेनिया फेटिडा नावाची जात, दाबली की पिवळट, उग्र वासाचा स्राव सोडते. बरेच बेडूक ती तोंडात घेऊन बाहेर टाकतात. म्हणजे आला तेव्हा हा बेडूक भुकेला होता, शिकार ओळखत होता, जीभ आणि जबडा धड होते. भूक पुढच्या अडीच आठवड्यांत, याच घरात मेली होती. आजाराची शंका मी तिथेच बरीचशी बाजूला ठेवली.

काय काय सापडलं

फ्रिजच्या डोक्यावर थर्मामीटर ठेवला. दुपारी तीनला ३३.८ अंश. या जातीला २४ ते २८ मानवतं, तिशीच्या वर बराच वेळ राहिलं की खाणं सुटतं. मुंबईच्या एप्रिलमध्ये हॉल तसाही तापतो, त्यात फ्रिजची बाहेर टाकलेली उष्णता भिंतीलगत वर चढते. शिवाय कॉम्प्रेसर. बेडकाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारा कंप त्याला पुढच्या पायांतून थेट आतल्या कानापर्यंत पोचतो. शत्रू किंवा शिकार चालत आली की ती तशीच कळते. कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो. म्हणजे त्याच्या हिशेबाने दिवसभर कुणीतरी मोठं जनावर अंगावर येतंय आणि थांबतंय.

रात्री उलटं. चोवीसचा एसी, हवा कोरडी, झाकणाला जाळी. दिवसा चौतीस, रात्री चोवीस, आणि कोरडेपणातला फरक वेगळाच. ही जात कोरडं पडलं की मातीत खोल जाऊन अंगाभोवती मेलेल्या कातडीचं कवच करते आणि पाऊस येईपर्यंत जेवणाचं नाव काढत नाही. थालीपीठ त्या अवस्थेला पोचलं नव्हतं. पण खड्यांवर बसून डोळे अर्धे मिटायचं आणि हलायचं नाही, ही तीच वाट होती.

दुकानदाराने टाकीबरोबर तापवणारा लाल बल्बही गळ्यात मारला होता. मुंबईत, एप्रिलमध्ये! नशिबाने बाबांनी वीजबिलाच्या भीतीने तो लावला नव्हता.

पाण्याची कथा आजींची. त्या प्रेमाने रोज तांब्याच्या कळशीतलं पाणी त्याच्या वाटीत ओतत. "आम्हाला चांगलं ते त्याला वाईट कसं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजी, आपण पाणी तोंडाने पितो आणि पुढचं यकृत बघून घेतं. हा पोटाखालच्या कातडीने पितो. पाण्यात उतरलेलं तांबं त्याला बाधतं." आजींनी दुसऱ्या दिवसापासून काचेची बरणी घेतली, वाद घातला नाही. बाकी पाण्याबद्दल थोडक्यात: महापालिकेच्या नळाचं पाणी चालतं, पण क्लोरीन घालवून. पसरट भांड्यात एक दिवस उघडं ठेवावं, घाई असेल तर शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन घालावं. सोसायटीची टाकी धुतली त्या आठवड्यात दोन्ही करावं. आरओचं पाणी कायमचं वापरू नये, त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत आणि कातडीतून पाणी-मीठ सांभाळणाऱ्या प्राण्याला ते जड जातं.

मग डासांचं मशीन. बेडूक नुसत्या फुप्फुसांनी श्वास घेत नाही, कातडीनेही घेतो, त्यामुळे हवेतलं औषध त्याच्यात दोन वाटांनी जातं. डास मारणारी ही औषधं पायरेथ्रॉइड गटातली, आणि उभयचर त्यांना नाजूक. पण विक्रोळीत खाडीच्या बाजूला राहणाऱ्या घराला "मशीन बंद करा" म्हणणं सोपं आहे, मलेरिया-डेंग्यू त्यांना झाला तर मी येणार आहे का? तोडगा निघाला तो असा: टाकी असेल त्या भागात मशीन नाही, झोपायला मच्छरदाणी, टाकी पुढे जिथे गेली त्या पॅसेजच्या खिडकीला जाळी. महापालिकेचे धूर मारणारे आले की खिडक्या बंद करायच्या आणि टाकी आतल्या बाथरूममध्ये न्यायची. टाकी हलवायची परवानगी तेवढ्यापुरतीच. उदबत्ती देव्हाऱ्यात राहिली, टाकी तिथून गेली. फिनेल पॅसेजमध्ये नुसतं बंद.

आईंनी हळूच सांगितलं की फेब्रुवारीत पेस्ट कंट्रोल झालं होतं. त्याचा थेट संबंध मला वाटला नाही, पण एक नियम त्यातून निघाला: घरात सापडलेलं झुरळ, पाल, पतंग काहीही बेडकाला घालायचं नाही. झुरळाने पेस्ट कंट्रोलचं विषारी जेल खाल्लं असेल तर तेच विष पुढे जातं.

एटीएम कार्ड

निघायच्या आधी बाबांनी मनातलं विचारलं. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं होतं, एटीएम कार्डाची कड ओठांत सारून बेडकाचं तोंड उघडायचं आणि आत घास सोडायचा. "एकदा चव कळली की खाईल."

मी नाही म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. या बेडकाचा जबडा मोठा दिसतो, पण वाढत्या वयात कॅल्शियम कमी पडलेलं असेल तर ती हाडं कार्डाच्या कडेनेही वाकतात. घास श्वासनलिकेच्या तोंडाशी गेला तर संपलं. शिवाय मुळात जो प्राणी भेदरून जेवत नाही, त्याला धरून तोंड उघडणं म्हणजे त्याची भीती खरी ठरवणं. जबरदस्तीचं भरवणं हे डॉक्टरांनी, वजन खाली यायला लागल्यावर, ठरवायचं काम आहे.

आजींना मात्र हे पटत नव्हतं. उपाशी जिवाला विचारायचं नाही हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांना मी वजनाचा आकडा दाखवला. थंड रक्ताचा प्राणी अंग गरम ठेवण्यात काही खर्च करत नाही, नुसता बसून असेल तर त्याला फार थोडं लागतं. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी वजन करायचं. २६ चे २५ झाले तर घाबरायचं नाही. २३ ला आला की त्याच दिवशी डॉक्टर. काट्यावर मर्यादा ठरवून दिली की घरातली घालमेल निम्मी होते, असा माझा अनुभव आहे. नाहीतर रोज संध्याकाळी चौघं टाकीभोवती जमून "आज बारीक दिसतंय का गं?" यावर चर्चा करतात.

नवी जागा

जागा निवडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. वन बीएचकेत शांत कोपरा शोधायचा म्हणजे प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. शेवटी बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये लाकडी कपाट होतं, त्याचा खालचा कप्पा ठरला. त्यातल्या बाबांच्या चपला आणि वर्तमानपत्रांची रद्दी बाहेर आली. तिथे दुपारी २९.५ अंश होते. टाकीच्या एका बाजूला, बाहेरून, टॉवेलमध्ये गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवली की दोन अंश उतरत. ओलं फडकं घालून गारवा करायचा नागपुरी उपाय मुंबईत चालत नाही, हवेत आधीच इतकं बाष्प असतं की फडकं वाळतच नाही. पण हेच बाष्प बेडकाच्या बाजूचं आहे. एसीपासून लांब ठेवला तर मुंबईत त्याला कोरडं पडायची भीती फारशी राहत नाही.

खडे गेले. ते तसेही धोक्याचे, झडप घालताना एखादा पोटात गेला तर आतडं अडकतं. त्यांच्या जागी कोकोपीट, नर्सरीत मिळतं ते विटेसारखं. नारळाच्या काथ्यात मुळात क्षार असतात, म्हणून ते भिजवून दोन-तीन पाण्यांतून धुवून, पिळून घ्यायला लावलं. खत मिसळलेलं घ्यायचं नाही. मूठभर घेऊन घट्ट दाबलं तर बोटांतून एखादा थेंब यावा, धार लागू नये. बेडूक पूर्ण पुरला जाईल इतका जाड थर. वर रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळकी पानं, उकळून वाळवलेली. पाण्याची वाटी उथळ, तो बसला तर हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच, कारण ही जात पोहण्यात अगदी ढ. वाटीतलं पाणी रोज बदलायचं. बहुतेक वेळा तो त्यातच घाण करतो आणि मग तीच घाण पोटाच्या कातडीने पुन्हा आत घेतो. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद.

आणि नियम. पाच दिवस झाकण उघडायचं ते फक्त पाणी बदलायला. खायला काही नाही. हातात घेणं बंद, आणि ते पाच दिवसांपुरतं नाही, एरवीही. पॅकमॅनला हातात बसायची आवड लागत नाही, तो फक्त सोसतो. मोठा झाला की चावतो, आणि वरच्या जबड्यातले बारीक दात व खालच्या जबड्यातले दोन टोकदार उंचवटे रक्त काढतात. साफसफाईसाठी उचलावाच लागला तर हात साबणाने धुवून, साबण पुरता काढून, क्लोरीन गेलेल्या पाण्याने ओले करून. नंतर पुन्हा साबण, कारण उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही. हे शेवटचं आईंनी लगेच उचलून धरलं.

मुलीचा चेहरा पडला. वाढदिवसाचे साठवलेले पैसे घालून आणलेला प्राणी, आणि आता त्याच्याकडे बघायचंही नाही. तिला मी एक काम दिलं: रात्री लांबून, मोबाइलचा मंद उजेड बाजूला धरून, तो कुठे आहे एवढं वहीत लिहायचं. पहिल्या रात्री तो कोपऱ्यात काचेला चिकटून होता. दुसऱ्या दिवशी दिसेना, आणि बाबांचा फोन, "पळालं!" पळालं नव्हतं. मागचे पाय फावड्यासारखे मारत, गोल फिरत तो मातीत गेला होता. पानाखाली दोन डोळे होते.

गुदमरण्याचा व्हिडिओ

चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा व्हिडिओ आला, सोबत एकच ओळ: "लवकर बघा, गुदमरतंय."

व्हिडिओत थालीपीठ तोंड उघडून जांभई दिल्यासारखं करत होतं, मग अंग फुगवायचं, पाठ कमानीसारखी वाकवायची, पुढचा पाय डोक्यावरून तोंडाकडे ओढायचा. ओठाच्या कडेला काहीतरी पारदर्शक, ओल्या प्लॅस्टिकसारखं लोंबत होतं आणि प्रत्येक आवंढ्याबरोबर ते थोडं थोडं आत जात होतं. तो कात टाकत होता. बेडूक वरची कातडी पाठीवर फाडून मोज्यासारखी पुढे ओढतो आणि खाऊन टाकतो. नवीन पाळणाऱ्यांचे मध्यरात्री येणारे निम्मे फोन या दृश्याचे असतात. त्याला हात लावायचा नसतो, तोंडातून ते काढायचं तर मुळीच नाही.

मला मात्र व्हिडिओ बघून बरं वाटलं. अंगाभोवती कवच धरून बसलेला प्राणी जुनी कातडी काढून खात नाही. हा आवरून बसला होता.

पहिला घास

दरम्यान खाद्याची सोय. वाटीत ठेवलेले मीलवर्म आणि खिमा का चालले नव्हते, याचं उत्तर बेडकाच्या डोळ्यात आहे. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लेटविन या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बेडकाच्या डोळ्यातले काही मज्जातंतू लहानशी काळी गोष्ट समोर हलली तरच चेततात. न हलणारी गोष्ट त्याच्या लेखी अन्न नसते. खिम्याची गोळी चिमट्यात स्थिर धरली की ती खिम्याची गोळीही नसते, नुसतं अंगावर आलेलं काहीतरी असतं.

मी डुबिया सुचवली, पाळीव झुरळं. ती उडत नाहीत, गुळगुळीत भिंत चढत नाहीत, चावत नाहीत. आजींनी कपाळाला हात लावला. "फेब्रुवारीत पैसे देऊन मारली, आता पैसे देऊन आणायची!" अखेर डबा बाल्कनीत, झाकणाला जाळी, आणि आजींच्या दृष्टीआड, या अटींवर ती आली. आल्या आल्या बेडकाला नाहीत. आधी दोन दिवस त्यांना गाजर, दुधी, थोडा ओट्सचा भरडा. किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी बेडकाच्या पोटात जातं. देताना किडा डी-थ्री जीवनसत्त्व असलेल्या कॅल्शियम पावडरीत घोळवायचा. रातकिडेही चालतात, पण न खाल्लेला रातकिडा रात्रभर टाकीत राहिला तर तोच बेडकाला कुरतडतो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी, उजेड उतरल्यावर, पहिला प्रयत्न. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लहान. चिमटा लांब, टोकाला रबर, कारण झडप इतक्या जोरात येते की स्टीलवर तोंड आपटतं. समोरून, जमिनीलगत, थोडं हलवायचं, थांबायचं, पुन्हा हलवायचं. दोन मिनिटं, त्यापुढे एक सेकंद नाही. नाही खाल्लं तर गुपचूप काढून घ्यायचं आणि तीन दिवस विषय बंद. त्या दिवशी त्याने नुसतं वळून बघितलं. बाबा निराश झाले. मला उलट वळून बघणं हीच बातमी वाटली, आधी तो डोळे मिटून घ्यायचा.

तीन दिवसांनी, चिमटा मुलीच्या हातात. तिने नंतर जे सांगितलं ते तसंच लिहितो. किडा पानाजवळ आणल्यावर थालीपिठाच्या मागच्या पायाचं सगळ्यात लांब बोट एकटंच वळवळायला लागलं, बाकी अंग दगड. (हे बोट हलवून भक्ष्याला जवळ बोलावायची त्यांची रीत आहे.) मग पुढचा पाय अर्धा सेंटिमीटर सरकला. मग चिमटा रिकामा. जीभ दिसलीच नाही. पुढे दोन्ही डोळे आत बुडाले, वर आले, पुन्हा बुडाले. "डोळ्यांनी गिळतं का ते?" तिने विचारलं. हो, काही अंशी तसंच. डोळ्यांचे गोळे टाळूवर खाली दाबून बेडूक घास घशात ढकलतो.

त्या आठवड्याचं वजन २५ ग्रॅम होतं, पुढच्या आठवड्याचं २७.

सगळं एकदम बदललेलं असताना श्रेय कुणाला, हा प्रश्न बाबांनी विचारलाच. माझा कौल उष्णतेला आणि टाकीच्या रोजच्या येरझाऱ्यांना. तांबं आणि मशीनमुळे पुढे दुखणं आलं असतं, पण पहिल्या आठवड्यात झडप घालणाऱ्या बेडकाला इतक्या लवकर गप्प बसवलं ते बहुधा फ्रिजने.

आरेचा बेत

एक गोष्ट मला नंतर कळली. मला फोन करण्याच्या आदल्या दिवशी आईबाबांचं ठरत आलं होतं, की पोरीला न सांगता बेडूक आरेत किंवा पवई तलावाकाठी सोडून द्यावा, "निसर्गात तरी जगेल." जगला नसता, आणि जगला असता तर ते जास्त वाईट. दक्षिण अमेरिकेतला, तोंडात मावेल ते सगळं गिळणारा, दुसरे बेडूकसुद्धा खाणारा प्राणी, सोबत दुकानातले कोणकोणते जंतू घेऊन, आपल्या तळ्यात कशाला? आपलाच बुलफ्रॉग अंदमानात पोचला आणि तिथे उपद्रवी ठरला, हे उदाहरण समोर आहे. नकोच असेल तर जाणत्या पाळणाऱ्याकडे द्यावा.

उलट बाजूही सांगायला हवी. हे प्रकरण कानावर गेल्यावर बिल्डिंगमधल्या एका मुलाने पावसाळ्यात पिवळाधमक होणारा बेडूक पकडून पाळायचा बेत बोलून दाखवला. तो हाच इंडियन बुलफ्रॉग. तो वन्यजीव आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि त्याच्या तंगड्यांच्या व्यापारापायी भारताने १९८७ मध्ये निर्यात बंद केली होती. पकडायचा नाही. विकत घेतलेल्या विदेशी प्राण्याचंही बिल जपून ठेवावं. याच कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे, आणि आपला प्राणी त्या यादीत आहे की नाही हे घेण्याआधी बघायची जबाबदारी घेणाऱ्याचीच.

सध्या

जूनमध्ये पाऊस लागल्यावर बाटलीची गरज संपली. थालीपीठ आता दर तिसऱ्या दिवशी खातं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर खाल्लेल्या तारखेला आई टिंब करतात, कात टाकली की फुली.

आता तक्रार उलटी आहे. बेडूक रोज मागतो असं आजींचं म्हणणं. पानाखालून बघत बसतो, म्हणजे भूक लागली असणार. ही जात समोर हललेलं काहीही गिळते, पोट भरलेलं असलं तरी, आणि जास्त खाऊन लठ्ठ होऊन लवकर मरणारे पॅकमॅन मी उपाशी मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत. वाढ संपली की आठवड्यातून एकदा, पुढे दहा दिवसांनी एकदा पुरतं. वरून बघितलं तर अंग डोक्यापेक्षा फार रुंद दिसता कामा नये. आजींना हे दोनदा सांगून झालं आहे. मागच्या आठवड्यात मुलीचा मेसेज आला, टिंब दोन दिवसांत दोनदा पडलंय आणि डुबियाच्या डब्याचं झाकण आजींनीच उघडलं असावं. चिमटा आता दप्तरात ठेव, असं तिला कळवलं आहे.